गार

चैत्रात मालगुजारी तलाव आखडत जातो,
पाळीजवळ चिखलाला टाचांएवढ्या भेगा पडतात.
मी गाळ मोजायला आलो होतो:
लोखंडी पट्टी, वही, एक स्टोव्ह,
आणि दुधराम वलथरेंच्या पडवीत भाड्याची खोली.

पहिल्याच रविवारी त्यांची बायको सायत्रा
कमरेएवढ्या पाण्यात उभी दिसली, हात मोकळे.
ती पायाच्या अंगठ्याने शोधत होती.
अंगठा थांबला की बुडी,
वर येताना मुठीत काळपट शिंपला, तळहाताएवढा.
आमच्या आचऱ्याच्या खाडीत एवढा शिंपला
लहान मुलं खेळायला घेतील, खाणार नाहीत.

तिनं दिलेले दहा-बारा मी घरच्यासारखे उकडले.
तोंडं उघडली. पाणी चाखलं.
मी त्यात मीठ शोधत होतो.
खाडी आयतंच मीठ घालून देते,
आई तिसऱ्यांच्या पाण्यात कधी चिमूट टाकत नसे,
त्या पाण्याला ती हात लावू द्यायची नाही,
सोलकढीपेक्षा जपायची.
हे मात्र मातीचं. पावसात भिजलेल्या भिंतीचं.
मोरीत ओतलं.
मग मांस चावत बसलो, सायकलच्या ट्यूबसारखं.

"पानी फेकलास?" सायत्रा दारात.
"मंग खाल्लास काय? रबर?"
आणि हसत हसत ती दुधरामला सांगायला गेली,
तिथून दोन घरं पुढे.

दुसऱ्या दिवशी तिनं शिंपले रात्रभर
तांदळाच्या धुवणात ठेवले,
पहाटे त्यांनी पोटातलं सगळं ओकलं होतं.
जर्मनच्या गंजात, वर फक्त वाटीभर पाणी,
बाकीचं "त्याहीचं त्याहीलेच सुटते".
झाकण हललं. आतून टकटक,
दार उघडावं तशी.
जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळलं, आणि मी
पळी घेऊन पुढे झालो तर म्हणाली,
"थांब. गार बसू दे."

मी म्हटलं, गार कशाला, गरमच बरं.
ती माझ्याकडे पाहत राहिली.
"गार रे. गार! तू मोजत नाईस काय रोज?"

तेव्हा कळलं. तिच्या तोंडात ळ चा र होतो,
डोळा तो डोरा, फळ ते फर,
आणि महिनाभर मी ज्याच्या मागे होतो ते
एक मीटर चाळीस सेंटिमीटर, ते गार.

बसला. तळाशी दोन चमचे, राखेच्या रंगाचा.
वरचं पाणी तिनं दुसऱ्या गंजात तिरपं केलं,
हात न हलवता, श्वाससुद्धा बाजूला घेऊन.
लसूण ठेचला, लाल मिरची, जवसाचा कूट,
आंबाडीची सुकलेली बोंडं,
मूठभर सुके झिंगे, आणि मग ते पाणी.
मीठ शेवटी, तेही माझ्याकडे बघून.
घरभर वास सुटला.
तलाव तापत होता, असं म्हणू का?
नको. पण भाताचं शीत न शीत त्या वासाचं झालं,
आणि मी तीनदा ओढून घेतलं.

तळाचे दोन चमचे तिनं
दोडक्याच्या वेलाला टाकले.

हात धुताना सहज म्हणाली,
"सारा गार काढाल तं सिप्या कुठी रायतीन?"
मी म्हटलं, पाणी वाढेल, मासा वाढेल.
"मासा पोहते," ती म्हणाली.
"सिपीले बसाले जागा लागते."

वहीत शेऱ्याचा रकाना असतो.
त्या दिवशीच्या पानावर तिथे तेलाचा डाग आहे,
वरिष्ठांनी त्याबद्दल विचारलं नाही.
ईशान्येचा कोपरा मी दोनदा मोजला,
दोन्ही वेळा आकडा वेगळा आला,
दोन्ही आकडे लिहिले.

निघायच्या आदल्या दिवशी दुधरामनं विचारलं,
समुद्र केवढा असते? हात पसरले.
सायत्रा चुलीपाशी होती, मान न वळवता म्हणाली,
"अन् खाली गार असते का त्याच्या?"

पंचवीस वर्षं मी त्याच्या काठी राहिलो.
आईला फोन करून विचारायचं ठरवलं.
ती म्हणाली, आधी सांग,
पाणी फेकलं नाहीस ना?