लाइन खराब होती

जहाजाचंच विचारतात सगळे.
किती मजले, लिफ्ट किती,
आणि समुद्रावर पोहायचा तलाव कशाला म्हणते मी?
वेसवीच्या धक्क्यावर रुकय्याची सून
फोनमधले फोटो बोटांनी ताणून मोठे करते.
चौदा मजले, मी सांगते. होते चौदा.
आठ दिवस राहिलो. जेवण उदंड, मीठ कमी.

त्याआधीच्या दोन दिवसांचं
कुणी विचारत नाही.

तस्लीमने दोह्याहून तिकिटं काढली होती:
जहाज जेनोआहून सुटणार, अब्बा, दोन दिवस आधी पोचा,
जहाज कुणासाठी थांबत नसतं.
हे हसले.
एकतीस वर्षं इंजिनरूममध्ये तेल घातलेल्या माणसाला
लेक सांगते, जहाज थांबत नसतं.

बॅगेत सोड्यांची चटणी, तीन पिशव्यांत बांधून शालीत गुंडाळलेली.
मुंबईपर्यंत मलाच तिचा वास येत राहिला.
मिलानच्या विमानतळावर पोलिसांचा कुत्रा जवळून गेला
तेव्हा मी मनात कलमा पढला.

जेनोआ म्हणजे सगळा चढ.
मंडणगडच्या घाटात कुणी दाटीवाटीने घरं बांधावीत तसा.
गल्ली इतकी अरुंद
की समोरच्या बाईच्या कढईत काय शिजतंय ते दिसावं.
हे पुढे, मी मागे.
चार पावलांचं अंतर. इतक्या वर्षांनी
तेवढंच उरलं होतं.

बंदरावर मी पाणी बघत बसले.
सकाळी दगडावर शेवाळाची रेघ जिथे, संध्याकाळी पाणी तिथेच.
ओहोटी नाही इथे?
असलीच तर वीतभर, हे म्हणाले.
आमच्या सावित्रीच्या खाडीत दिवसातून दोनदा चिखल उघडा पडतो,
होड्या कुशीवर कलंडतात, बाया कालवं फोडायला उतरतात,
पाणी परत येणार हे धरूनच.
हा कुठे जातच नाही.
कसला समुद्र, मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी हे एका बुटांच्या दुकानात शिरले.
वाटलं, माझ्या टाचेला फोड आला म्हणून.
पोरीने सदतीस नंबरचं खोकं आणलं, गुडघे टेकून बसली.
हे भिंतीपाशी, लाल बुटांच्या फळीसमोर.
इथे, म्हणाले.
टेलिफोनचं ऑफिस होतं. सहा नंबरचं खोकं.

चौऱ्याऐंशी साल.
तार आली होती: शुक्रवारी दुपारी तीन, पोस्टात थांब.
मी बारापासून बाकावर.
पेठे मास्तरांनी स्वतःचा चहा मला दिला.
साडेचारला लाइन लागली. तीन मिनिटं.
त्यातली दोन हॅलो हॅलोत गेली.
उरलेल्यात मी एकच बोलले, अख्ख्या पोस्टाने ऐकलं:
पुढचं जहाज धरू नका. घरी या.
पलीकडून खरखर.
ऐकू येत नाही, खैरुन. लाइन खराब आहे.
मग नुसती शिट्टी.

पुढचं जहाज त्यांनी धरलं.
त्यानंतरची अकरा.

एक पाय नव्या बुटात, एक अनवाणी, मी बघत राहिले.
ऐकू आलं होतं, हे म्हणाले,
बुटांशी बोलावं तसं.
सगळं. मागे कोंबडा आरवत होता, तोसुद्धा.

पोरगी वर बघत होती, बूट चावतोय का म्हणून.
चावत होता.
तरी घेतला.

परतताना चढावर मी पुढे होते.
रात्री खोलीत चटणी उघडली, त्यांच्या त्या तेलकट पावाला लावली,
खाल्ली.
बऱ्याच वेळाने
अर्धी पिशवी त्यांच्याकडे सरकवली.
सकाळी जहाज. चौदा मजले. सांगितलंच.

आता तिन्हीसांजेला हे ओट्यावर बसून
बागमांडल्याहून येणारी फेरीबोट बघतात.
आतून मी ओरडते, टाकी भरली, मोटार बंद करा.
ऐकू येत नाही, म्हणतात.
येतं, मी म्हणते.

फेरीबोट धक्क्याला लागते, एक टेम्पो उतरतो, दोन मोटारसायकली.
मग चपला घासत गेल्याचा आवाज.
मोटार थांबते.