तिसऱ्या

दिगंबर खवणेकर कायमचा गावी गेला तेव्हा
त्याची गादी खालच्या बंगाली शिंप्याने घेतली,
कुकर मी घेतला,
आणि वॉशिंग मशीनमागचा तो जुना कॉम्प्युटरही मीच,
कारण दुसरं कुणी घेईना.
अकरा वर्षं सोहारच्या शीतगृहात खोकी मोजता मोजता
त्यात त्याने माशांची नावं लिहून ठेवली होती.
तारलीवर बोट ठेवलं की औमा,
औमावर ठेवलं की मत्ती,
मत्तीवरून परत तारली.

परवा नवा राउटर बसवला.
सकाळी सुरमई दाबली तर पांढरं पान,
वर दोनच शब्द: सापडत नाही.
बांगडा सापडत नाही. हलवा सापडत नाही.
खिडकीतून समुद्र दिसत होता, नेहमीएवढाच.

पहिली रात्र पत्त्यात गेली.
शेवटी एकवीस होतं तिथे सत्तावीस झालेलं,
आणि या पठ्ठ्याने पानापानांत
जुना आकडा हाताने कोरून ठेवलेला,
जणू बिऱ्हाड कधी हलणारच नव्हतं.
एकेक खरवडून काढला.
पहाटेच्या अजानला बांगडा परत आला,
हलवा आला,
सुरमईच्या मागोमाग कनाद.

दुसऱ्या रात्री अकरा उरले.
मासळीच्या बिलाच्या पाठीवर लिहून काढले.
प्लांटवर गळती शोधतो तसं,
एक व्हॉल्व बंद, कान पाइपला, पुढचा व्हॉल्व.
मोरी उघडते, मोऱ्या उघडत नाहीत.
खारं पाणी उघडतं, खाऱ्या पाण्यातले नाहीत.
वारा उघडतो. वाऱ्याचे दिवस नाहीत.
हे लिहितानाच दिसायला हवं होतं.
मी चहा केला, प्यायलो, कप विसळला,
आणि मग दिसलं.

तिसऱ्या रात्री तिसऱ्या.
माझी यादीतली, त्याची पानावरची,
एकाखाली एक ठेवल्या.
काडीचा फरक नाही.
मशीनला म्हटलं, मोज.
माझ्यात सात, त्याच्यात आठ.
आठवं पडद्यावर दिसत नाही.
त्याने साधा र घेतला, त्याचा पाय मोडला,
आणि य यायच्या आधी मधे एक अक्षर ठेवलं
ज्याला रुंदी नाही, आवाज नाही,
काम एवढंच की दोघांना धरून ठेवायचं.
माझ्या फोनला ते माहीतच नाही.
त्याच्याकडे ऱ तयार मिळतो,
बुडाशी टिंब घेऊनच जन्मलेला.
आणि यादी मीच पुन्हा टाइप केली होती
आदल्या आठवड्यात,
दिगंबरचं शुद्धलेखन सुधारायला म्हणून.
राउटरला तीन दिवस फुकट शिव्या.

फोन लावला. तो दीड तास पुढे, झोपेत.
"माका काय ठाऊक? बोटां जायत तशी लिवलंय."
मागे कुत्रं भुंकत होतं.
मग म्हणाला, "कुकराची रिंग बदललंस काय?"

त्याची नावं माझ्यासारखी करणं सोपं होतं,
एका ओळीचा हुकूम. बोट कळीवर होतं.
केलं नाही.
दारात पाटी लावली फक्त:
सातवरून कोणी आलं तर आठकडे पाठवा.

तिसऱ्या उघडल्या.
अरबी नावाची जागा कोरी.
मल्याळी नावाची जागा कोरी.
खाली दिगंबरची एक ओळ, नऊ वर्षांपूर्वीची:
बाजारात अजून दिसल्या नाहीत,
कोणाला मिळाल्या तर कळवा.

शुक्रवारी मासळीबाजारात गेलो.
रशीद बलुशी कनाद कापत होता.
नाव ठाऊक नाही तर मागणार कसं?
दोन तळवे जुळवले,
करंगळ्या चिकटलेल्या ठेवून उघडले,
मिटले, पुन्हा उघडले.
त्याने सुरी बाजूला ठेवली,
माझ्या हातांकडे नीट बघितलं.
"किताब?"