डागी आंब्यांची कांडी

चांगले आंबे परवाच गेले,
पेंढ्यात निजून, वाशीच्या गाडीनं.
पेटीवर नाव आमच्या बागेचं,
आत आमच्यासाठी एकही फळ नाही.

मागे राहिले ते डागी.
देठाशी काळे, एका गालावर बसके,
दोन-तीन तर माकडानं चाखून सोडलेले.

माकडाचा दात लागला तेवढं
कृपालीनं कापून गुरांना टाकलं,
उरलेलं पातेल्यात पिळलं.
रस कोपरापर्यंत ओघळला.
आपलं कोपर आपल्याला चाटता येत नाही
हे तिला दर मे महिन्यात नव्यानं कळतं.

स्टीलचे पेले काढले, नऊ.
एकावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं:
कै. सत्यभामा केळुसकर यांच्या स्मरणार्थ.
कोण ही सत्यभामा, घरात कुणालाच आठवत नाही.
तो पेला दुर्वांकच्या वाट्याला,
धाकट्याला निवड नसते.

झावळीचे हीर सोलून,
तीन-तीन दोऱ्यानं बांधून झाल्या दांड्या.
फ्रीजरात खाली बांगडे, वर आंबे.
आणि तीन वाजता लाइट गेली.

पाच वाजले. दार उघडायचं नाही असं ठरलेलं,
तरी चौघांनी चारदा उघडलं.
"आये, झाला काय?"
"नाय."
रस नुसता गार. बांगड्याला मात्र वास सुटलेला.

तेवढ्यात विश्रामभावजी जेटीवरून आले,
खांद्यावर गोणपाट, पाठ भिजलेली.
मासळीचा बर्फ.
मोगरीनं खळ्यातच फोडला,
बादलीत पेले रोवले,
वरून शिरोड्याचं खडेमीठ, ओंजळी-ओंजळीनं.
"काका, मिठान बर्फ इरगाळतलो मा?"
"इरगाळता म्हणानच ह्या गोठता."
त्यांनी एवढंच सांगितलं आणि विडी पेटवली.
मी त्या वाक्यापाशी थोडी थांबले,
मग बांगडे साफ करायला गेले.

दिवेलागणीला पेले निघाले.
तळहातांत घोळवायचे, उबेला कांडी सुटते.
सुटली. थोडी खारट, कुठूनतरी मीठ शिरलेलं.
कुणी तक्रार केली नाही.

दुर्वांकच्या कांडीवर
पेल्याचे ठिपके उमटलेले, उलटे, पुसट.
त्यानं आधी आडनाव चाटलं,
मग सत्यभामा,
'स्मरणार्थ'पाशी दात कळवळले,
तसा डोळे मिटून थांबला,
परत सुरू.

लाइट इली.
आत फ्रीज एकदा घुरघुरला.
खळ्यातून कुणी उठलं नाही.