परगाव

कुंभारीच्या पुढं, दगडखाणीवर
मी हजेरी मांडायचो.
कुर्मय्या आला तेव्हा गाव विचारलं.
पालमूर, म्हणाला.
मी लिहिलं, परगाव.
रकाना तेवढाच होता.

वात पेटवून पळत आला की
तो तेलुगूत मोजायचा,
ओकटी,
रेंडू,
मूडू,
आणि आम्ही सगळे कान झाकायचो.
धुरळा बसायच्या आधीच तो खाली उतरलेला.
वर यायचा तेव्हा पांढराफेक,
डोळे तेवढे त्याचे.

ओलं फडकं बांध की रे नाकाला,
म्हटलं तर हसायचा,
मग विडी कुठनं ओढू?
विड्या अंजम्माच्या,
छाट म्हणून कारखान्यातनं परत आलेल्या.

अकरा वर्षं.
त्याच्या खडीवरनं आता
विजापूरच्या गाड्या पाण्यासारख्या जातात.

सिव्हिलात डॉक्टरीणबाईंनी
फिल्म उजेडाला धरली.
क्रशर चालू असताना
आमच्याकडं दुपारी आभाळ दिसतं,
तसं होतं आत.
कागदावर मात्र क्षय लिहून आलं.
मालकानं तो दोनदा वाचला,
घडी घालून मलाच परत दिला.
क्षयाचं कंपनी काही लागत नाही.

शेवटच्या रात्री नळी काढून टाकली त्यानं.
छातीत खडी चाळल्याचा आवाज.
मग अगदी स्पष्ट,
ओकटी.

बऱ्याच वेळानं,
रेंडू.

माझे हात आपोआप कानांवर गेले.
अंजम्मानं ते ओढून खाली घेतले.
म्हणाली,
ऐका.