ठेव

तिच्या स्फटिकाखालची तांब्याची बैठक मी कातली आहे.
तीनदा. दोनदा तिने परत पाठवली,
केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी डुगडुगते म्हणून.
लुंडच्या या तळघरात माझं काम एवढंच.

स्फटिक गुरुवारच्या सूपातल्या वाटाण्याएवढा,
पाण्यासारखा नितळ. त्यात युरोपियम,
हजारात एखादा अणू, परक्या घरात भाड्याने राहिलेला.
हेलियमचा पंप रात्रभर कुथतो
आणि आत, निरपेक्ष शून्याच्या चारच अंश वर,
अशी थंडी की चुळबुळ करणंही कुणाला सुचू नये.

हेडविग ब्रेनस्ट्रॉम रात्रीच काम करते.
दिवसा ट्राम जाते, लेझरचा सूर ढळतो.
शेवटची ट्राम गेली की ती म्हणते, "आता."
एक केशरी ठिणगी निघते
(ठिणगी म्हणणंही जास्तच),
आत जाते,
दिसेनाशी होते.

गेली कुठे, मी पहिल्यांदा विचारलं होतं.
ती म्हणाली, एकाकडे कुणाकडेच नाही, सगळ्यांकडे मिळून आहे.
प्रत्येकाची चाल निराळी, म्हणून पांगतात,
शाळा सुटल्यावर पोरं पांगतात तसे.
मग मी शीळ घालते, सगळे उलटे फिरतात,
पुढे पळालेला लांबून, रेंगाळलेला जवळून,
आणि दारात एकाच क्षणी पोचतात.
तेव्हा उजेड बाहेर येतो.

"मधे डोकावून बघायचं, आहे का अजून?"
"बघितलंस तर राहत नाही."

थर्मासमधली कॉफी दोघांत पुरवली.
मग, मी काही विचारलं नसताना, आईचं सांगितलं.
गुनवोर. उत्तरेत टपाल वाटायची,
पायाने रेटायच्या घसरगाडीवरून.
एका हिवाळ्यात रस्ता बुजला
आणि एकोणीस दिवस एक पाकीट
त्यांच्या स्वयंपाकघराच्या फळीवर राहिलं,
मिठाच्या डब्याला टेकून.
तळ्यापलीकडच्या आल्गोटचं.
अक्षर त्याच्या मुलीचं, बारा वर्षांनी.
हेडविग आठ वर्षांची.
किटलीला वाफ होती, गोंद जुना होता,
घरात दुसरं वाचायला काही नव्हतं.
आई त्या फळीवरून रोज मीठ काढायची
आणि डबा जिथल्या तिथे ठेवायची.
"आपल्याला माहीत नाही,
म्हणून तर ते आपल्याकडे दिलंय," एवढंच बोलली.

मला पुढचं हवं होतं.
काय होतं त्यात?

ती हसली. "मला कसं ठाऊक?"

काल पहाटे आकडा लागला.
शंभरातले सदतीस परत आले, जसे गेले तसे.
तिने तो वहीत पेन्सिलीने लिहिला,
खाली दोन रेघा मारल्या.
बाकीचे? मी म्हटलं.
हरवले.
मग चष्मा वर सारून, अगदी सौम्यपणे,
"तुझी बैठक अजून जराशी डुगडुगते, ऑर्यान."

चौथी कातायला घेतली आहे.