लांबी कुठपर्यंत धरायची

उदगीरच्या आमच्या कॉलेजात लंबक सहा.
त्यातले चार मागच्या प्राचार्यांपासून दुरुस्तीला.
पोरं अठ्ठ्याहत्तर.
दोघं-चौघं मोजायचे, बाकीचे भिंतीला टेकून
शेजाऱ्याच्या वहीतून गुरुत्वाकर्षण उतरवून घ्यायचे,
आणि त्या उतरवलेल्या खरेपणावर
मी लाल शाईनं सही करायचो.
एकोणीस वर्षं.

यंदा फोनवर एक फॉर्म केला,
नाव न विचारता विचारलं: काय कळत नाही?
वाटलं होतं, येईल जडत्व, येईल अवकलन.
पहिलंच उत्तर आलं,
सर तुम्ही फळा लई लवकर पुसता.
खाली एकतीस जणांचं तेच,
ऱ्हस्व-दीर्घ ज्याचं त्याचं.

रात्री बायकोला विचारलं, खरंच का गं?
ती म्हणाली, ताटही तसंच उचलता,
माझा घास तोंडात असताना.

मग सोडला लंबकांचा नाद.
म्हणालो, घरी जे हलतं ते मोजा.
वीस हेलकावे, एक व्हिडिओ, ग्रुपवर टाका.
फोन नसेल त्यानं जोडीदार धरावा.
रेंजसाठी टाकीवर चढू नये,
सकाळी कॉलेजात येऊन टाकलं तरी चालेल.

मुजम्मिलनं गॅरेजात सुतळीला सोळा नंबरचा पाना टांगला.
मागून कुणी ओरडतंय, अरे पाना कां गया रे!
अविनाश राठोडनं तांड्यावरच्या विहिरीत बादली सोडली,
दोर लांबत गेला तशी ती आळसावत गेली.
त्याचा धाकटा भाऊ गोरमाटीत मोजतोय,
मधेच चुकतोय,
पुन्हा एकपासून.

आणि रात्री पावणेबाराला
हाळीहून शिवकांता बिरादार.
लग्नानंतर ॲडमिशन घेतलेली,
हजेरीला नुसता हात वर करणारी.
तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो कुजबुजता:
अठरा... एकोणीस... वीस.
पत्र्याखालच्या आढ्याला लुगड्याची झोळी,
झोळीत लेकरू.
दुसऱ्या व्हिडिओत तीच झोळी, आत ज्वारीचं बोचकं.

सर, लेकरू असो की ज्वारी,
वेळ तेवढाच लागलाय, एक्कावन्न पूर्णांक आठ.
पण लांबी कुठपर्यंत धरायची?
लुगड्याच्या बुडापर्यंत धरली की जी येतंय दहा पूर्णांक बारा,
लेकराच्या बेंबीपर्यंत धरली की नऊ पूर्णांक पासष्ट.
पुस्तकात तिसरंच आहे.
कोण चुकलंय?

प्रयोगशाळेत लांबी चिठ्ठीवर लिहून दोऱ्याला चिकटवलेली असते.
तिथं हे कुणी विचारलं नव्हतं.
मीही नाही, मी शिकत होतो तेव्हा.

गुरुत्वमध्य, असं टाइप केलं.
पुसलं.
लिहिलं, तुला काय वाटतं?
दोन निळ्या खुणा उमटल्या. मग बराच वेळ काही नाही.
मग: सर, लेकरू झोपना गेलंय. उद्या सांगते.

उद्या तिनं फळ्यावर झोळी काढली,
आधी हात थरथरला, मग रेघ सुटली.
मी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो.
तिथून फळ्याचा खालचा अर्धा भाग दिसतच नाही,
हे मला तेव्हा कळलं.

मुजम्मिल उठला, मग पान्याची बेंबी कुठं असती?
वर्ग हसला.
अविनाशनं पाना मागून घेतला,
बोटावर आडवा ठेवला,
सरकवत, सरकवत,
एका जागी तो ठरला.
अठ्ठ्याहत्तर जणांनी श्वास धरलेला मी ऐकला.
कुणीच 'समजलं का' म्हणालं नाही.

बेल झाली. डस्टर खिशातच राहिलं.
पुढचा तास इतिहासाच्या आळंदकर सरांचा.
ते दारातच थांबले, चष्मा वर केला,
आणि फळ्यावरचं मोठ्यानं वाचलं:
"लांबी = बेंबीपर्यंत?"
मग माझ्याकडं बघत म्हणाले,
पुसू का हे?

थांबा जरा, मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं,
आमचं उतरून घ्यायचं राहिलंय.