निचऱ्याची भोकं

मार्च संपत आलाय. मेनच्या किनाऱ्यावर
रस्त्याकडेचा बर्फ काळा पडलाय,
आणि ओडेसा बील तिच्या बापाची पिकअप घेऊन आली आहे
तपासणीचं स्टिकर मागायला.
मागच्या हौद्यात हेरिंगची पिंपं,
खारवलेल्या माशांचं पाणी फटीफटीतून झिरपणारं,
आणि खालून सहा महिने रस्त्यावरचं मीठ.
इथली गाडी दोन्ही बाजूंनी मुरत घातलेली असते,
लोणच्यासारखी.
लोणचं निदान टिकतं.

लिफ्ट वर घेतली.
खालून चासी काळीभोर, गुळगुळीत,
लग्नाला निघाल्यासारखी.
हातोडीने ठोकत गेलो, पुढून मागे:
ठण्ण. ठण्ण. ठण्ण.
मागच्या पाट्यांजवळ आलो
आणि आवाज बदलला.
थप्प.
ओल्या पुठ्ठ्यावर मारावं तसा.

स्क्रूड्रायव्हर टेकवला, दाबलासुद्धा नाही.
मुठीपर्यंत आत गेला.
काळं रबर सालीसारखं सुटून आलं
आणि त्यामागोमाग पापुद्रे,
ओंजळभर, मग घमेलंभर,
माझ्या टोपीत, भुवयांत,
जिभेवर ती जुन्या नाण्याची चव.

ओडेसा म्हणाली, "पण वरून तर छान दिसत होतं."

हो. दिसणारच.
ब्रशचा तो फटकारा मी ओळखला,
कोपऱ्यात उलटा वळणारा, डावखुऱ्याचा.
अकरा वर्षांपूर्वी, याच लिफ्टखाली,
विन्स्लो बील घाईत होता, मीही.
गंज होता थोडा, नखाएवढा.
तारेचा ब्रश फिरवायला दोन तास लागले असते.
मी डबा उघडला आणि वरून फासलं,
जाड, एकसंध,
निचऱ्याच्या भोकांसकट.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
चासीला ही म्हण लागू नाही.
कोंडलेलं पाणी जाणार कुठे,
तिथेच बसून लोखंड खातं,
रोज एक घास.

आधी म्हणालो, "ज्या कुणी हे केलंय,"
मग दिवा दुसऱ्या हातात घेतला
आणि म्हणालो, "मी केलंय."
ती कितीतरी वेळ बोलली नाही.
पिंपातून एक थेंब पडला, मग दुसरा.
"बाबा म्हणायचे, रॉस्को पैसे कमीच घेतो."
एवढंच.
शिवी सोपी गेली असती.

चार दिवस लागले.
सडकं कापत गेलो
लख्ख लोखंड लागेपर्यंत.
पाव इंचाची नवी पट्टी वेल्ड केली.
ब्रश, मग पुन्हा ब्रश,
मग ते आम्ल, जे उरल्यासुरल्या गंजाला
काळानिळा करून गप्प बसवतं.
मग प्रायमर, रंग,
आणि शेवटी पोकळीत लांब नळी घालून
मेंढीच्या लोकरीचं तेल.
गॅरेजभर भिजल्या मेंढीचा वास.
हे तेल कधीच पुरतं सुकत नाही,
ओरखडा पडला की सरकत येऊन त्यावर बसतं.
म्हणून दर ऑक्टोबरला परत मारावं लागतं.
"दर ऑक्टोबरला?"
"दर ऑक्टोबरला. आणि एप्रिलमध्ये
गोड्या पाण्याने धुवायची, पोटाखालून."
"पैसे?"
"ते राहू दे."

सगळ्यात आधी मात्र, पहिल्याच सकाळी,
टोच्याने भोकं मोकळी केली होती.
आठ भोकं, बोराएवढी.
पाचव्यातून पाणी आलं,
चहासारखं लाल, थांबून थांबून.
मी बरणी धरून उभा राहिलो
हात भरून येईपर्यंत.
त्यात विन्स्लो गेल्यानंतरचे तीन हिवाळे होते,
आणि त्याआधीचे,
ज्यांत तो दर पहाटे धक्क्याकडे जाताना
काच खाली करून मला हात करायचा.

बरणी अजून खिडकीत आहे.
ओतायला म्हणून दोनदा दारापर्यंत नेली.
गाळ तळाशी बसलाय.
वरचं पाणी अगदी नितळ दिसतं,
कुणी हलवलं नाही तर.